नोकरी गेली की मुक्कामही जातो

द्वितीय वर्ष, कला

वार्षिकांकासाठी काहीतरी लिहा, असे सरांनी वर्गात सांगितले तेव्हा बहुतेकांनी कविता देण्याचे कबूल केले. मला कविता जमत नाही. ‘घरी जे पाहिले असेल ते लिहा, पण आकडे तपासून लिहा,’ असे सर म्हणाले. म्हणून हा विषय घेतला आहे. आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. भाषेत उणेदुणे असल्यास वाचकांनी सांभाळून घ्यावे.

आमचे गाव खेड तालुक्यात. आमच्याकडे माणूस कतारला असो, कुवेतला असो की मस्कतला, तो ‘दुबईला’च असतो. माझे वडील मात्र खरोखर अमिरातीत होते. २००९ पासून ११ वर्षे त्यांनी तिथे एका बांधकाम कंपनीत प्लंबरचे काम केले. २०२० साली कंपनीने माणसे कमी केली आणि ऑगस्टमध्ये ते घरी आले. मी तेव्हा नववीत होते. नोकरी गेली एवढेच मला त्या वेळी कळले. नोकरीबरोबर आणखी काय काय गेले, ते पुढे अर्थशास्त्र घेतल्यावर वडिलांची कागदपत्रे घेऊन बसले तेव्हा उमगले.

आपल्याकडे नोकरी जाते म्हणजे पगार थांबतो. संकट मोठेच, पण घर असते, रेशनकार्ड असते, उद्या दुसरे काम शोधायला रस्ता मोकळा असतो. आखाती देशांत परदेशी कामगाराची गोष्ट वेगळी. तिथे त्याला कुणीतरी प्रायोजक लागतो. त्याला अरबीत कफील म्हणतात आणि या सगळ्या व्यवस्थेला कफाला. कामगाराचा तिथे राहण्याचा परवाना, ज्याला आपली माणसे इकामा किंवा नुसते ‘व्हिसा’ म्हणतात, तो मालकाच्या नावावर निघतो. राहण्याची खोली बहुधा कंपनीच्या कॅम्पात असते. म्हणजे पगार, परवाना आणि डोक्यावरचे छप्पर ही तिन्ही एकाच दोरीला बांधलेली. मालकाने दोरी सोडली की तिन्ही एकदम सुटतात. नोकरी संपली की परवाना रद्द होतो आणि मग मोजके दिवस उरतात. तेवढ्यात दुसरा मालक मिळाला तर ठीक, नाही तर देश सोडायचा. मुदत उलटून राहिलेल्या माणसाला तिकडचे आपले लोक ‘खल्लीवल्ली’ म्हणतात. शब्द विनोदी वाटतो, पण अशा माणसाला दररोज दंड चढत असतो.

माझे आजोबा परळच्या एका गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, त्यात सुमारे अडीच लाख कामगार होते. आजोबांची नोकरी पुन्हा लागली नाही. तरीही मला या दोन कपातींत फार मोठा फरक दिसतो. आजोबांची चाळीतली खोली पुढे कित्येक वर्षे राहिली. ते मोर्चाला गेले, गिरणीच्या फाटकासमोर उभे राहिले, गिरणी कामगारांच्या घरांसाठी अर्जही भरला. भांडण हरले असतील, पण भांडायला ते मुंबईत होते. वडिलांना फाटकासमोर उभे राहण्याचीसुद्धा सोय नव्हती. अमिरातीत कामगार संघटना काढायला परवानगी नाही, संपाला बंदी आहे, आणि परवाना रद्द झालेला माणूस त्या देशात थांबूच शकत नाही. आपल्या १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने ‘शेवटी आला तो आधी जाईल’ असे तत्त्व घालून दिले होते. वडिलांच्या कॅम्पात कोण आधी जाणार याला असा काही नियम नव्हता. ज्याचा व्हिसा नूतनीकरणाला आला होता तो आधी गेला, कारण त्याचा नूतनीकरणाचा खर्च वाचत होता.

परक्या देशात कायमच्या नोकरीची हमी कोणीच देत नाही, हे मान्य करूनच पुढे जावे लागते. उलट स्वतःच्या नागरिकांना कामे द्यावीत म्हणून ते देश नियम करतात. सौदी अरेबियाने २०११ मध्ये निताकत योजना आणली आणि सौदी माणसांच्या प्रमाणावरून कंपन्यांना हिरवे, पिवळे, लाल असे रंग दिले. लाल कंपनीला परदेशी कामगारांचे व्हिसा वाढवून मिळणे बंद झाले. त्यांच्या जागी आपण असतो तर असेच काहीसे केले असते, असे मला प्रामाणिकपणे वाटते. तेव्हा प्रश्न एवढाच उरतो की जाणाऱ्या माणसाच्या हातात काय पडते. माझ्या समजुतीप्रमाणे हक्काचे पैसे आणि थोडा अवधी या दोन गोष्टी पडल्या, तर तीच त्याची सुरक्षितता.

पैशांचे आधी सांगते, कारण आमचे घर तिथेच फसले. वडिलांचा पगार १,८०० दिरहम होता. पण करारपत्रात त्याचे दोन भाग होते : ९०० मूळ पगार आणि ९०० भत्ते. महिन्याला हातात १,८०० येत होते, तेव्हा या फाळणीकडे आमच्यापैकी कोणी लक्ष दिले नाही. आता ग्रॅच्युइटीचा नियम पाहा. पहिल्या ५ वर्षांसाठी दरवर्षी २१ दिवसांचा आणि त्यापुढे दरवर्षी ३० दिवसांचा पगार मिळतो, आणि पगार म्हणजे फक्त मूळ पगार. ११ वर्षांचे झाले १०५ अधिक १८०, म्हणजे २८५ दिवस. मूळ पगाराने दिवसाला ३० दिरहम पडतात, एकूण ८,५५०. त्या वेळी एका दिरहमला साधारण २० रुपये मिळत, म्हणजे पावणेदोन लाखांच्या जरा आत. पूर्ण पगारावर हिशेब झाला असता तर बरोबर दुप्पट. भत्ता नावाचा तो रकाना कंपनीला केवढा स्वस्त पडतो, हे करारावर अंगठा किंवा सही करताना कोणालाही सांगितले जात नाही.

आणि ते ८,५५० सुद्धा मिळाले नाहीत. मार्च २०२० मध्ये अमिरातीच्या मनुष्यबळ मंत्रालयाने करोनाच्या काळापुरता २७९ क्रमांकाचा ठराव काढला. तो फक्त नागरिक नसलेल्या कामगारांना लागू होता. मालकाने आधी घरून काम द्यावे, मग पगारी रजा, मग बिनपगारी रजा, मग तात्पुरती आणि शेवटी कायमची पगारकपात, अशा त्यात पायऱ्या होत्या आणि प्रत्येक पायरीला कामगाराची संमती हवी होती. ज्याची गरज उरली नाही त्याचे नाव दुसरीकडे कामासाठी नोंदवायचे आणि तो जाईपर्यंत किंवा त्याला दुसरे काम मिळेपर्यंत राहण्याची सोय व देणी मालकाने द्यायची, असेही त्यात होते. कागद वाईट नव्हता. पण ज्याच्या खोलीत आपण झोपतो त्याच्या कागदावर संमती नाकारायची कशी? शिवाय नळाची गळती घरून कशी काढणार! वडिलांना बिनपगारी रजा मिळाली आणि नंतर बोलावणे आले. टेबलावर दोन कागद होते, एक विमानाचे तिकीट आणि दुसरा ‘माझा सर्व हिशेब मिळाला’ अशा अर्थाचा. दुसऱ्यावर सही केल्याशिवाय पहिला मिळणार नव्हता. वडिलांनी सही केली. हातात ५,००० दिरहम आले. ते नववीपर्यंत शिकलेले आहेत आणि तो कागद अरबीत व इंग्रजीत होता.

तक्रार करता आली असती. तिथे कामगारांची तक्रार आधी मंत्रालयात जाते, समझोता झाला नाही तर न्यायालयात. पगार बँकेमार्फतच देण्याची पद्धत २००९ पासून असल्याने पुरावाही होता. पण तेव्हाच्या कायद्याप्रमाणे दाव्याची मुदत १ वर्षाची होती. आम्हाला ती कळली तोवर टळून गेली होती. पुढे २०२४ मध्ये ती २ वर्षांची झाली, आणि त्याच वर्षापासून ५०,००० दिरहमपर्यंतच्या वादात मंत्रालयालाच निर्णय देण्याचा अधिकार मिळाला. निघण्यापूर्वी भारतीय वकिलातीत जाऊन कोणाच्या तरी नावे मुखत्यारपत्र करून ठेवले, तर माणूस गावी असतानाही दावा चालवता येतो. हे वाक्य मी मुद्दाम लिहीत आहे. आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी ते उपयोगी पडेल.

कंपनीच बुडाली तर काय होते, ते २०१६ मध्ये सौदीत दिसले. सौदी ओजर या प्रचंड बांधकाम कंपनीने महिनोन्महिने पगार दिले नाहीत. जेद्दाच्या आसपासच्या कॅम्पांत हजारो भारतीय कामगार अडकले, जेवणाचे हाल झाले आणि आपल्या वकिलातीला धान्य वाटावे लागले. परराष्ट्र राज्यमंत्री व्ही. के. सिंह तिथे गेले. परतीची परवानगी मिळाली आणि थकलेल्या पगाराचे दावे वकिलातीकडे नोंदवून माणसे घरी आली. २०१७ मध्ये ती कंपनी बंद झाली. तिथे थांबावे तर खायला नाही आणि परतावे तर पैसे मागे राहतात, असा तो पेच होता.

अलीकडे काही बदल झाले आहेत. कतारने २०२० मध्ये जुन्या मालकाच्या ना-हरकत पत्राशिवाय नोकरी बदलण्याची मुभा दिली. कागदी हमीपेक्षा मला ही मुभा मोलाची वाटते, कारण जो दुसरीकडे जाऊ शकतो त्याला टेबलावरचा दुसरा कागद वाचायला सवड मिळते. अमिरातीत परवाना रद्द झाल्यानंतरचा अवधीही २०२२ मध्ये वाढवला. पण तो प्रवर्गाप्रमाणे आहे, आणि वरच्या कौशल्याच्या माणसाला १८० दिवसांपर्यंत मिळतो. ज्याच्या गाठीशी सर्वांत कमी, त्याला दिवसही कमी!

१ जानेवारी २०२३ पासून तिथे नोकरी जाण्याचा विमा सुरू झाला आहे. १६,००० दिरहमपर्यंत मूळ पगार असणाऱ्याला महिना ५ दिरहम हप्ता, आणि नोकरी गेल्यास मूळ पगाराच्या ६० टक्के रक्कम जास्तीत जास्त ३ महिने. सलग १२ महिने हप्ते भरलेले हवेत. घरकाम करणाऱ्यांना तो नाही. ऐकायला छान आहे, पण पुन्हा तो ‘मूळ पगार’ आलाच. वडिलांच्या बाबतीत तो महिना ५४० दिरहम झाला असता, आणि देश सोडला की तोही थांबतो.

हे सगळे अशिक्षित मजुरांचेच दुखणे आहे असे कोणी समजू नये. नोव्हेंबर २०२२ मध्ये मेटाने ११,००० आणि जानेवारी २०२३ मध्ये गुगलने १२,००० माणसे कमी करण्याचे जाहीर केले. अमेरिकेत एच-१बी व्हिसावर असलेल्या अभियंत्याला नोकरी गेल्यावर जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. हा नियम २०१७ चा. तेवढ्यात नवा मालक शोधायचा, नाही तर घराचा हप्ता आणि मुलांची शाळा अर्ध्यावर टाकून निघायचे. व्हिसाची मुदत संपण्याआधी काढले तर परतीचे भाडे मालकाने द्यावे असा तिथला कायदा आहे. म्हणजे शेवटी तिकीटच! पुण्याचा अभियंता आणि खेडचा प्लंबर यांच्या पगारात जमीन-अस्मानाचा फरक असेल, पण दोरी तीच आहे.

आपल्या सरकारकडून काय मिळते? दहावी न झालेल्या माणसाला आखातात जाताना १९८३ च्या उत्प्रवास कायद्याप्रमाणे मंजुरी घ्यावी लागते, आणि त्यासोबत प्रवासी भारतीय बीमा योजनेचा विमा उतरवावा लागतो. त्यात अपघाती मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आल्यास १० लाख रुपये आहेत. बुडालेल्या ग्रॅच्युइटीसाठी काही नाही. अडकलेल्यांच्या भोजन-निवासासाठी आणि तिकिटासाठी वकिलातींकडे २००९ पासून कल्याण निधी आहे. तो अगदी अडचणीत उपयोगी पडतो. पण कपात झालेला माणूस बहुधा अडकलेला नसतो, त्याला घाईघाईने रवाना केलेले असते.

वडील आता भरणा नाक्याजवळ नळजोडणीची कामे करतात. गावातली दोन मुले गेल्या महिन्यात कतारला निघाली. निघायच्या आधी ती करारपत्रे घेऊन आमच्या ओटीवर आली होती. वडिलांनी चष्मा लावला, बोट ठेवून ठेवून रकाने पाहिले आणि मला हाक मारली, ‘हे मूळ पगाराचं कुठं लिहिलंय, वाच बघू.’ एकाच्या करारात तो निम्म्याहून कमी होता. तो मुलगा एजंटाला विचारून येतो म्हणून गेला. एजंट म्हणाला, यायचे तर ये, नाही तर रांगेत माणसे आहेत. मुलगा गेला. कराराची एक प्रत मात्र तो आमच्या घरी ठेवून गेला आहे.