स्मृतिभ्रंशाची चाचणी आणि आमचे निरक्षर वडीलधारे

स्मृतिभ्रंशाच्या निदानावर विभागीय परिषदा भरतात, हे स्वागतार्हच. पण आमचा सवाल आहे : जिला शाळेची पायरी चढू दिली नाही, ती आमची आजी त्यात कुठे आहे? २०२३ च्या राष्ट्रीय अभ्यासानुसार देशात साठीपुढील सुमारे ८८ लाख लोकांना हा आजार आहे. प्रमाण स्त्रियांत व खेड्यांत जास्त. प्रचलित चाचणी मात्र शंभरातून सात-सात वजा करायला, वाक्य लिहायला सांगते. म्हणजे निरक्षरताच आजार ठरते! निरक्षरांसाठी हिंदीत वेगळी चाचणी केव्हाच तयार झाली आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या व्याख्येत स्मृतीचा गंभीर विकार येतो. कलम १८ सरकारी उपचाराचा हक्क देते. तेव्हा मराठीत अशा चाचणीची सोय प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात झालीच पाहिजे. ही दया नव्हे, हक्क आहे.