निखळलेला दात फेकू नका

मंडळी, खेळताना मूल पडतं, समोरचा दात मुळासकट बाहेर येतो आणि आपण म्हणतो, गेला दात! तर तसं नाही. तो वाचू शकतो, पण वेळ फार थोडा असतो.

आधी मुलाकडे बघा. शुद्ध हरपली, उलटी झाली तर दात नंतर, पहिल्यांदा हॉस्पिटल.

मग बघा, दात दुधाचा की कायमचा? समोरचे दात साधारण 6 ते 8 वर्षांत बदलतात. दुधाचा दात परत बसवायचा नाही. आत तयार होणाऱ्या कायमच्या दाताला इजा होऊ शकते. डॉक्टरांना मात्र दाखवायचंच.

दात कायमचा असेल तर त्याच्या मुळावर जिवंत पेशी असतात. त्यांच्यामुळेच दात हाडाला धरून राहतो. त्या कोरड्या पडल्या की मरतात. तासाभरानंतर आशा फारशी उरत नाही. म्हणून मुळाला हात लावू नका, घासू नका. माती असेल तर पाण्याखाली क्षणभर धरा. जमलं तर तिथेच खोबणीत बसवा आणि मुलाला स्वच्छ रुमाल चावून धरायला सांगा. नाही जमलं, तर थंड दुधात ठेवा. साध्या पाण्यात ठेवला तर पेशी फुगून फुटतात. दंतवैद्य तो शेजारच्या दातांना साधारण दोन आठवडे बांधून ठेवतात.

हॉकी, बॉक्सिंग खेळणाऱ्या मुलांना माउथगार्ड द्या. पुढे आलेल्या दातांना मार लवकर लागतो, ते वेळीच दाखवा.

आणि शाळेच्या प्रथमोपचार पेटीवर एवढं लिहून चिकटवा: मुळाला हात नको, दुधात ठेवा, लगेच दंतवैद्याकडे न्या.