विश्लेषण : फोम रोलरने आखडलेले स्नायू खरेच मोकळे होतात का?

जानेवारीत मुंबई मॅरेथॉन झाली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरतानाही अनेक धावपटूंच्या मांड्या भरून येतात. मग घरात फोम रोलर येतो आणि त्यासोबत सल्लाही : ‘दुखले तरी जोर लावा, गाठी फुटतील.’ रोलरचा उपयोग आहे. पण हा सल्ला चुकीचा आहे.

फोम रोलिंग म्हणजे काय?

घट्ट फोमचा दंडगोल जमिनीवर ठेवायचा, त्यावर पोटरी किंवा मांडी टेकवायची आणि शरीराच्या वजनाचा दाब देत सावकाश पुढे-मागे सरकायचे. थोडक्यात, स्वतःच केलेले मालिश.

गाठी खरेच फुटतात का?

नाही. स्नायूंना गुंडाळणारे फॅशिया हे आवरण फार चिवट असते. मांडीच्या बाहेरच्या बाजूचे फॅशिया तर हाताच्या दाबाने जवळपास बदलतच नाही, असे २००८ मधील एका गणिती अभ्यासात दिसले. मग मोकळे का वाटते? दाबामुळे मज्जासंस्थेची ताण आणि वेदना सहन करण्याची तयारी वाढते, हे त्याचे मुख्य स्पष्टीकरण मानले जाते. एका पायावर रोलर फिरवल्यावर दुसऱ्या पायाचा घोटाही काही काळ जास्त वाकतो, असे प्रयोगांत आढळले आहे.

फायदा किती?

माफक. २०१९ मध्ये २१ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यानुसार व्यायामापूर्वीच्या रोलिंगने लवचिकता सरासरी सुमारे ४ टक्के वाढली, तर व्यायामानंतरच्या रोलिंगने स्नायूंचे दुखणे सुमारे ६ टक्के कमी जाणवले. सांध्यांतला मोकळेपणाही साधारण अर्ध्या तासात ओसरतो.

मग कसे वापरावे?

एका स्नायूवर ३० ते ६० सेकंद पुरेत. दाब इतकाच असावा की श्वास रोखावा लागणार नाही. काळे-निळे डाग पडले, तर जोर जास्त झाला असे समजा. रोलिंगनंतर लगेच उठाबशा काढा, घोटे फिरवा, चाला. मिळालेला मोकळेपणा हालचालीत वापरला तरच त्याचा उपयोग. कंबरेचा मणका, गुडघा आणि हाडांचे उंचवटे यांवर थेट दाब देऊ नका.

कोणी सावध राहावे?

ताजी दुखापत, अस्थिभंग किंवा जखम असेल तर रोलर नको. रक्त पातळ करणारी औषधे घेणारे, फुगलेल्या शिरांचा त्रास असलेले आणि गर्भवती महिला यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. एकच पोटरी सुजली, गरम लागली आणि दुखू लागली, तर तो आखडलेला स्नायू आहे असे गृहीत धरू नका. शिरेत रक्ताची गुठळी झालेली असू शकते. अशा पोटरीवर रोलर फिरवू नका, ती चोळूही नका. त्याच दिवशी डॉक्टर गाठा. सोबत धाप लागली किंवा छातीत दुखले, तर थेट रुग्णालयात जा.