चिंचोक्यातली खळ

शहापूर आणि मुरबाडच्या बाजारात हंगामात चिंच हातोहात खपते. चिंचोका मात्र पोत्यात पडून राहतो आणि मिळेल त्या दामाला जातो. घेणारा त्यातून काय काढतो हे विकणाऱ्यालाही ठाऊक असावे, म्हणून आम्ही हा खुलासा करीत आहोत.

चिंचोक्याचे तांबूस टरफल वजनात साधारण ३० टक्के. आतला पांढरा गर दळला की त्या पुडीत निम्म्याहून अधिक भाग एका लांब साखळीच्या पदार्थाचा असतो. त्याला झायलोग्लुकन म्हणतात. साखळीचा कणा ग्लुकोजचा. कापसाच्या तंतूतील सेल्युलोजचा कणाही हाच, जोडणीही तीच. फरक इतकाच, की येथे कण्याला झायलोज साखरेच्या फांद्या फुटतात व काही फांद्यांच्या टोकाला गॅलॅक्टोज बसते. तिघांचे ढोबळ प्रमाण ३:२:१. कणा सुताच्याच जातीचा, म्हणून खळ सुताला घट्ट धरते. फांद्यांमुळे साखळ्या एकमेकींना चिकटून बसत नाहीत, मध्ये पाणी शिरते आणि खळ दाट होते. फांद्या नसत्या तर ही पूड कापसासारखी पाण्यात नुसती पडून राहिली असती.

घोंगडी विणणारे लोकरीच्या ताण्यालाही चिंचोक्याची खळ पूर्वापार लावीत आले. त्यांना हे सूत्र कोणी शिकवले नव्हते. १९४० च्या दशकात डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत या गराचा अभ्यास झाला आणि स्टार्चच्या जागी ही पूड सूत व तागाच्या ताण्यावर चालू लागली. यंत्रमागाचे भिवंडी तर शहापूरच्या त्याच नाशिक रस्त्यावर आहे.

दामाचा सारा खेळ टरफलावर. त्यात टॅनिन असते. थोडे जरी राहिले तरी पूड तांबूस पडते आणि पांढऱ्या कापडावर छटा येते. म्हणून चिंचोका आधी भाजून, भरडून, पाखडून घ्यावा लागतो. जास्त भाजला तर गरच करपतो. किडका माल वेगळा काढावा. गरात ६ ते ८ टक्के तेल असल्याने पूड फार दिवस ठेवली की खवट होते. साठवायचा तर कोरडा, अख्खा चिंचोकाच साठवावा.

थंड पाण्यात पूड फक्त फुगते. पूर्ण विरघळायला उकळी हवी, आणि पूड थोडी थोडी भुरभुरावी, नाहीतर गुठळ्या होतात.

छपाईवाल्यांसाठी एक सूचना. पॉलिएस्टरवरील डिस्पर्स रंगाला ही खळ चालते. सुतावरील रिॲक्टिव्ह रंगाला नको: तो रंग कापडाऐवजी खळीशीच जुळतो, मग खळ धुऊन निघत नाही आणि कापड ताठ राहते. तेथे सोडियम अल्जिनेटच घ्यावे.