घर राखावे की बदलावे?

कार्तिकी पौर्णिमेला चातुर्मास संपतो, साधू-साध्वींचे विहार सुरू होतात आणि व्यापारी कुटुंबांत चार महिने बाजूला ठेवलेले विषय पुन्हा निघू लागतात. त्यांपैकी एक विषय आज पेठेतल्या अनेक घरांत आहे. आजोबांनी घेतलेले जुने घर दुरुस्त करून तेथेच राहावे, की ते विकून शहराच्या नव्या भागात प्रशस्त सदनिका घ्यावी? पैशाचा हिशेब मांडण्यात हा समाज कधी कमी पडत नाही. पण या प्रश्नात पैशाचा हिशेब सर्वांत सोपा असतो.

पुण्याच्या रविवार पेठेतील एका कुटुंबाचे उदाहरण बोलके आहे. तळमजल्यावर भांड्यांचे घाऊक दुकान, त्यामागे गोदाम आणि वरच्या दोन मजल्यांवर दोघा भावांचे संसार. घर विटांचे, लाकडी तुळयांचे, अरुंद जिन्याचे. पावसाळ्यात एका भिंतीला ओल यायची, मोटार दोन गल्ल्या पलीकडे उभी करावी लागायची आणि थोरल्या सुनेच्या लग्नाला सहा वर्षे झाली तरी तिला स्वतःची म्हणावी अशी खोली नव्हती. बिबवेवाडी-गंगाधाम परिसरात नातेवाईक राहायला गेलेले. तेथे मंदिर जवळ, साधर्मिकांचा शेजार, उद्वाहन, वाहनतळ अशी सारी सोय. धाकट्या भावाने नवव्या मजल्यावरची एक सदनिका पाहूनही ठेवली होती.

आधी भिंतींना विचारावे

अशा वेळी पहिला सल्ला नातेवाइकांचा नव्हे, अभियंत्याचा घ्यावा. महाराष्ट्रातील महानगरपालिकांच्या क्षेत्रात ३० वर्षांपेक्षा जुन्या इमारतींची संरचनात्मक तपासणी नोंदणीकृत अभियंत्याकडून करून घेणे ही मालकाची कायदेशीर जबाबदारी आहे. अनेक कुटुंबे पालिकेची नोटीस येईपर्यंत ती करत नाहीत, आणि रंगरंगोटीवर खर्च केल्यानंतर कळते की खांबाचा पाया कुजला आहे. अभियंत्याने घर धोकादायक ठरवले, तर पुढची चर्चा संपते. तेथे भावनेला जागा नाही, कारण प्रश्न घरातल्या जिवांचा असतो. या कुटुंबाच्या घराची तपासणी झाली तेव्हा भिंती सुस्थितीत आढळल्या. दोन तुळया वाळवीने पोखरलेल्या आणि छपराचा मागचा भाग गळका निघाला. म्हणजे घर दुरुस्त होण्याजोगे होते. निर्णय माणसांनाच घ्यायचा होता.

घर कोणाचे आहे?

दुसरा प्रश्न मालकीचा. घर दिवंगत वडिलांच्या स्वकष्टार्जित नावावर होते आणि मृत्युपत्र नव्हते. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ जैनांनाही लागू आहे. त्यानुसार अशा मालमत्तेत पत्नी, मुलगे आणि मुली यांचा समान वाटा असतो. येथे आई, दोन भाऊ आणि दोन विवाहित बहिणी असे पाच वाटे होते. दोघे भाऊ आजवर सारी चर्चा आपसांतच करत होते. सामाईक मालमत्तेवर एकाने मोठा खर्च करावा आणि दहा वर्षांनी हिश्शांचा वाद उभा राहावा, असे प्रसंग समाजाने पुष्कळ पाहिले आहेत. वकिलाने सुचवल्यावर बहिणींना बोलावण्यात आले. थोरल्या बहिणीने हक्कसोडपत्र करून देण्याची तयारी दाखवली. धाकटीच्या संसाराला पैशाची गरज होती, तिने आपला वाटा मोकळेपणाने मागितला. कोणी नाराज झाले नाही असे नाही, पण तिचा हिस्सा हप्त्यांनी देण्याचे ठरले आणि दोन्ही दस्तांची रीतसर नोंदणी झाली.

विक्रीचा मार्गही तपासण्यात आला. पुणे शहरात नव्या घराच्या खरेदीवर सुमारे ७ टक्के मुद्रांक शुल्क पडते, स्त्रीच्या नावे खरेदी केल्यास त्यात १ टक्का सवलत मिळते. बांधकाम चालू असलेल्या सदनिकेवर वस्तू व सेवा कर वेगळा. जुने राहते घर विकून झालेल्या दीर्घकालीन नफ्यावर करसवलत हवी असेल, तर विक्रीनंतर २ वर्षांत नवे घर विकत घ्यावे लागते किंवा ३ वर्षांत बांधावे लागते. मात्र खाली दुकान आणि वर घर असेल, तर दुकानाचा भाग निवासी गणला जात नाही, हे अनेकांना विक्रीनंतर कळते. आणखी एक गोष्ट. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने स्वीकारण्यास कायद्याची मनाई आहे. सत्य आणि अस्तेय ही अणुव्रते घेणाऱ्या श्रावकाला खरे तर त्यासाठी कायद्याची गरज पडू नये.

सूर्यास्ताचा हिशेब

पण मुख्य अडचण कागदावर नव्हती. डिसेंबरच्या आरंभी पुण्यात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. या घरातील दोघे भाऊ वर्षानुवर्षे संध्याकाळी पायऱ्या चढून वर जात, सूर्यास्तापूर्वी जेवत आणि अर्ध्या तासात पुन्हा गादीवर येत. घर पाच-सहा किलोमीटर दूर गेले, तर संध्याकाळच्या वाहतुकीत ऐन गिऱ्हाइकीच्या वेळी दुकान सोडावे लागणार, नाहीतर डबा मागवावा लागणार, नाहीतर नियम मोडणार. गोचरीचाही विचार होता. साधू-साध्वी उद्वाहन वापरत नाहीत. नवव्या मजल्यावरच्या घरी त्यांचे पाऊल किती वेळा लागेल?

या दोन कारणांनी थोरल्या भावाने जुन्या घराच्या बाजूने कौल दिला. मग एका वडीलधाऱ्या स्नेह्यांनी सुचवले की विकण्याची घाई नको आणि नकाराचीही नको. अकरा महिन्यांच्या करारावर तेथेच भाड्याने राहून पाहा. धाकट्या भावाचा संसार आणि ८२ वर्षांच्या दादी तिकडे गेल्या.

त्या अकरा महिन्यांनी थोरल्या भावाचे गणित उलटे केले. डब्याची सोय झाली, धाकटा भाऊ दुकानात मागच्या बाजूला बसून वेळेवर जेवू लागला. नियम मोडला नाही, फक्त एकत्र जेवण सुटले. दादी मात्र रोज सकाळी उद्वाहनाने खाली उतरून दर्शनाला जाऊ लागल्या. पेठेतल्या घरात गुडघ्यांमुळे तीन वर्षे त्या जिना उतरल्याच नव्हत्या. मंदिर दोनशे पावलांवर होते आणि मुले धर्म सांभाळण्यासाठी तेच घर राखू पाहत होती. घरातले सर्वांत नेमाचे माणूसच त्या घरात दर्शनाला मुकले होते, आणि ते कोणाच्या ध्यानातही आले नव्हते. पाच वाट्यांपैकी एक वाटा त्यांचा होता, तरी त्यांना कोणी विचारले नव्हते.

विचारल्यावर त्या एवढेच म्हणाल्या, "मला पेठच हवी. पण जिना नको."

मर्यादेची भिंत

तळमजल्यावर दुकान होते आणि गोदाम होते, खोली नव्हती. तीस वर्षांपूर्वी गोदामाच्या जागी माजघर होते. व्यापार वाढला तसे दुकान मागे मागे सरकत गेले आणि घर वर वर ढकलले गेले. परिग्रह-परिमाण व्रतात ज्या वस्तूंची मर्यादा सांगितली आहे, त्यांत क्षेत्र आणि वास्तू अग्रभागी येतात. मर्यादा घालायची ती बहुधा 'किती घरे' याची, असे आपण समजतो. घरातली किती जागा माणसांना आणि किती मालाला, हाही तिचाच भाग आहे. भावांनी साठा कमी केला, उरलेल्या मालासाठी शहराबाहेर भाड्याचे गोदाम घेतले आणि मागची जागा पुन्हा घराला दिली. तेथे दादींची खोली, न्हाणीघर आणि अंगणात उघडणारे दार झाले. धाकट्या भावाला वरचा पूर्ण मजला मिळाला आणि थोरल्या सुनेला तिची खोली.

काम कार्तिकी पौर्णिमेनंतर सुरू करून पावसाळ्यापूर्वी संपवले. कोरड्या दिवसांत जीवोत्पत्ती कमी असते. पोखरलेल्या तुळयांच्या जागी लोखंडी गर्डर टाकले, ओलीचे मूळ बंद केले, छपराखालच्या पारव्यांच्या घरट्यातील पिले उडून जाईपर्यंत तो कोपरा तसाच ठेवला. गृहस्थाला बांधकामातील आरंभी हिंसा पूर्ण टाळता येत नाही. ती कमी करण्याचा विवेक मात्र त्याच्या हाती असतो.

हे उत्तर प्रत्येक कुटुंबाचे नसेल. ज्यांचे दुकानच मार्केट यार्डात गेले आहे, ज्यांच्या भिंती टिकणाऱ्या नाहीत, ज्यांच्या घरात तीन संसार मावत नाहीत, त्यांनी निःशंक मनाने स्थलांतर करावे. धर्म पेठेपुरता नाही. मात्र निर्णयापूर्वी अभियंता, वकील आणि करसल्लागार यांच्याबरोबर घरात सर्वांत कमी बोलणाऱ्या व्यक्तीलाही बैठकीत बसवावे, आणि शक्य तर विकण्याआधी राहून पाहावे.

मोटार आजही दोन गल्ल्या पलीकडेच उभी असते. दादी सकाळी काठी टेकत अंगणातून बाहेर पडतात, आणि दोनशे पावलांच्या त्या वाटेला त्यांना आता वीस मिनिटे लागतात.