आधी माप, मग कॅबिनेट

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून कॉम्प्युटर जोडणारी आपली पिढी. हर्नडनमधली आपली मुलं आता त्यासाठी फेअरफॅक्सच्या मायक्रो सेंटरमध्ये जातात. तिथे त्यांची नजर आधी काचेच्या, दिव्यांच्या कॅबिनेटवर खिळते. जरा थांबवा! एटीएक्स मदरबोर्ड ३०५ बाय २४४ मिलिमीटरचा, तर मिनी-आयटीएक्स १७० बाय १७०. बोर्ड, ग्राफिक्स कार्डाची लांबी, कूलरची उंची ठरली, की मगच कॅबिनेट निवडावं. पुढे जाळी असली तर हवा खेळते. पॉवर सप्लायमध्ये काटकसर नको. १०० ते २४० व्होल्टचा घेतला, तर तो पुण्यात आजीकडेही चालेल. आणि स्क्रू मुलांनाच आवळू द्या. स्वतः जोडलेलं यंत्र बिघडलं, तर ते उघडायला ती घाबरणार नाहीत.