‘पेशंट बीपीच्या इंजेक्शनवर आहे’ म्हणजे काय?

अतिदक्षता विभागाबाहेर बसलेल्या नातेवाइकांना डॉक्टर सांगून जातात, “पेशंट बीपीच्या इंजेक्शनवर आहे.” ऐकणाऱ्यांना वाटते, आजोबांना बीपीचा त्रास होताच, त्याचेच औषध चालू असेल. वस्तुस्थिती नेमकी उलट असते. घरची गोळी रक्तदाब उतरवते. हे इंजेक्शन कोसळलेला रक्तदाब सावरून धरते.

लघवीचा जंतुसंसर्ग, न्यूमोनिया, मधुमेही माणसाच्या पायाची चिघळलेली जखम, फुटलेले अपेंडिक्स, अशा कशानेही संसर्ग अनावर झाला की शरीराचा प्रतिकारच शरीरावर उलटतो. रक्तवाहिन्या सैलावतात आणि पाझरू लागतात. पाण्याची नळी फुगून रुंद झाली, वर जागोजागी झिरपू लागली, तर शेवटच्या वाफ्यापर्यंत पाणी कसे पोहोचणार? तसेच मूत्रपिंडाला आणि मेंदूला रक्त कमी पडते. हाच सेप्टिक शॉक. विजेच्या शॉकशी त्याचा काही संबंध नाही.

अँटिबायोटिक पहिल्या तासाभरातच द्यावे लागते. सोबत सलाईन, बहुतेक प्रौढांना वजनाच्या दर किलोमागे निदान ३० मिलिलिटर, म्हणजे ५० किलोच्या माणसाला पहिल्या तीन तासांत दीड लिटर. तेवढ्याने भागत नसेल तर नॉरअॅड्रिनॅलिन. हे द्रव्य आपल्या मज्जातंतूंत मुळातच असते. स्वीडनच्या उल्फ फॉन ऑयलर यांनी १९४६ साली ते ओळखले. १९७० च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता. आम्ही शिकत होतो तेव्हा डोपामिनचा बोलबाला होता. त्याने हृदयाचे ठोके जास्त बिघडतात, हे २०१० च्या मोठ्या अभ्यासात दिसले आणि ते मागे पडले.

“बीपी १२० का आणत नाही?” असे नातेवाईक हमखास विचारतात. डॉक्टर पाहतात तो सरासरी दाब. खालच्या आकड्याची दुप्पट, त्यात वरचा आकडा मिळवून तीनने भागायचे. ९५/५० असेल तर सरासरी ६५ येते, आणि सुरुवातीला उद्दिष्ट तेवढेच असते. त्याहून वर ओढत नेल्याने माणसे जास्त वाचत नाहीत, असे २०१४ मध्ये फ्रान्समध्ये झालेल्या अभ्यासात आढळले. तेव्हा मॉनिटरपेक्षा लघवीच्या पिशवीकडे पाहावे. पिशवी भरू लागली, तर ते सुचिन्ह.

काही रुग्णांची बोटे काळी पडतात आणि मग “इंजेक्शन चुकीचे दिले” म्हणून आरडाओरड होते. औषध रक्तवाहिन्या आवळते, शॉकमध्ये बोटांना रक्त आधीच कमी. दोन्ही मिळून हे घडते. हाताच्या शिरेतून औषध चालू असताना सुईभोवती सूज किंवा पांढुरका डाग दिसला, तर मात्र नर्सला ताबडतोब सांगावे. तिथली कातडी मरू शकते. म्हणूनच हे औषध शक्यतो मानेतल्या मोठ्या शिरेतून देतात.

याचा असर बंद केल्यावर मिनिटा-दोन मिनिटांत ओसरतो. त्यामुळे तालुक्याहून जिल्ह्याला रुग्ण हलवताना पंपाची बॅटरी आणि भरलेली दुसरी सिरिंज आहे ना, हे निघण्यापूर्वी विचारावे. रस्त्यात सिरिंज संपली, तर पुढचे गाव यायच्या आत रक्तदाब खाली येतो.

म्हाताऱ्या माणसाला ताप नसतानाही हे दुखणे असू शकते. अचानक असंबद्ध बोलणे, धाप, दिवसभर लघवी न होणे, गार पडलेले हातपाय, यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट पाहू नये. रात्रीच निघावे.